अस्तरातले पक्षी

ती पक्षी मोजायची. बावीस हिवाळे तेच काम. खाडीला ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलावर दूरदेशीचे पाणपक्षी उतरत, आणि पंधरवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी, ती बांधावर उभी राहून त्यांची मोजदाद करी. सगळ्यांची ती मोजणीमावशी झाली होती.

नवरा शिंपी, त्यामुळे घरात बटणांचा भला मोठा डबा. निघताना ती मूठभर बटणं कोटाच्या डाव्या खिशात टाकी. शंभर पक्षी झाले की एक बटण उजव्या खिशात. नजर पक्ष्यांवर, आकडा ओठांवर, शेकडे हातात. घरी आल्यावर उजवा खिसा टेबलावर उपडा करायचा, बटणं मोजून वहीत लिहायचं, आणि दोन्ही खिशांतली बटणं परत डब्यात.

गेल्या हिवाळ्यात आकडे घसरले. तिनांतला एक पक्षी नाहीसा. बांधावरून पाहावं तर चिखल गजबजलेला वाटे, आणि वहीत मात्र पोकळी. तिने डोळे तपासून घेतले. डोळे ठीक निघाले, तसं तिला अन्न गोड लागेना. जे येणं थांबलं त्याला कुणी निरोपही दिला नव्हता.

घसरलेला तो आकडा पाणथळ कार्यालयातल्या तरुण अधिकारीबाईंनी उचलला. खाडीवरची मोजणीची चौकी पैशांअभावी वर्षअखेर बंद व्हायची होती. चौकी गेली की चिखलावर भराव टाकायची वाट पाहणारे पुष्कळ. अशात शहरात अनेक देशांची बैठक भरणार होती. पक्षी, जंगलं, मासे राखायला पैसा कुणी द्यायचा आणि कुणाला, यावर बोलणी. अधिकारीबाईंनी त्या आकड्यांची खाली कोसळणारी तांबडी रेघ काढली आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चला. रेघ मी दाखवीन, त्यामागचं माणूस त्यांना दिसू दे."

बैठकीच्या सकाळी नवऱ्याने कोट इस्त्रीला घेतला. इस्त्री खडखडली.

"अगं, काय भरलंयस यात?"

"काही नाही. जड झालाय तो. मी म्हटलं होतं तुम्हाला."

"तेव्हा मला वाटलं, वय बोलतंय."

त्याने खालची शिवण उसवली. अस्तरातून बटणं घरंगळली, टेबलावर, जमिनीवर, शिवणयंत्राच्या पायट्याखाली. उजव्या खिशाच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक होतं. दोघांनी गुडघ्यांवर बसून वेचली. एकेचाळीस.

"आणि मी वर्षभर म्हणतोय, डब्यातली बटणं उंदीर खातात की काय," तो म्हणाला.

"गावाचे खिसे शिवता. बायकोचा फाटका."

तो उठून टेबलाशी बसला. सुईत दोरा ओवायला लागला. आणि ती तिथेच जमिनीवर हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. एकेचाळीस शेकडे. हिवाळ्याच्या आठ मोजण्यांत मिळून चार हजार शंभर. कुणी गेलं नव्हतं. सगळे आले होते, चिखलात चोची खुपसून गेले होते, आणि ती घरी बसून त्यांचा शोक करत होती.

मग हसू थांबलं. त्या रेघेवर आज चौकीचं मरण-जगणं होतं.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

"आता काय. कोट द्या."

सभागृहाच्या दारात तिने अधिकारीबाईंना गाठायचा प्रयत्न केला, पण त्या व्यासपीठावर होत्या. लांबट टेबलं, प्रत्येकाच्या कानावर यंत्र, काचेमागे दुभाषे. तांबडी रेघ पडद्यावर आली, कोसळली, आणि अध्यक्षांनी तिला बोलायला सांगितलं.

"ही रेघ खरी नाही," ती म्हणाली. "चूक माझी. खिसा फाटका होता." मग तिने पिशवीतून आणलेली ती एकेचाळीस बटणं टेबलावर ओतली आणि सगळं सांगितलं. काचेमागची दुभाषी मध्येच थांबली, बहुधा हसू आवरायला.

देणाऱ्या देशांपैकी एकाचे वयस्क प्रतिनिधी पुढे झुकले. "हे कुणालाच कळलं नसतं. का सांगितलंत?"

"जिवंत आहेत त्यांना मेलेलं कसं सांगू, साहेब?"

अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी दिली. अधिकारीबाई जिन्यात बसल्या होत्या, मांडीवर मिटलेली फाइल. मावशी दोन पायऱ्या खाली उभी राहिली. काय रागवायचं ते रागवून घ्या एकदा, असं तिला वाटत होतं.

"मलाच पाहून घ्यायला हवं होतं," अधिकारीबाई म्हणाल्या. "पण मावशी, म्हणजे ते आहेत ना सगळे?"

"आहेत."

"मग या, आधी इथेच जेवून घेऊ." आणि त्यांनी सरकून जागा केली. जिन्यातली ती हातभर जागा मावशी पुढे कधी विसरली नाही.

दुपारी ते वयस्क प्रतिनिधी बोलले. अशा खोल्यांत त्यांची वीस वर्षं गेली होती. पैसा मागताना वर गेलेला आकडा त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला. "बुडणाऱ्याला हात द्यायची आपल्याला सवय आहे," ते म्हणाले. "तरत्याकडे आपण बघत नाही, आणि मग तोही बुडतो." सगळ्यांना हे पटलं नाही. वाद संध्याकाळपर्यंत चालला. अखेर मागितल्याच्या निम्मी रक्कम मिळाली, तीन वर्षांपुरती. उरलेली निम्मी, जिथे जंगल खरोखरच संपत आलं होतं अशा एका देशाला गेली. तिला ते रास्त वाटलं. अट एकच: यापुढे मोजणी दोघांनी करायची, वेगवेगळी.

दुसरा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मोजणीच्या दिवशी आता शिंप्याचं दुकान बंद असतं. खिशावर त्याचा विश्वास उरलेला नाही. तो बाहीवर खडूने रेघा ओढतो.

या हिवाळ्याच्या पहिल्या मोजणीला तिची पंधरा बटणं आणि वर बावन्न पक्षी झाले. त्याच्या बाहीवर पंधरा रेघा आणि पंचावन्न.

"तीन जास्त कुठून आणलेत?"

"तू शिंकलीस तेव्हा आले."

तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले. मग उजव्या खिशात हात घालून त्याने घातलेली दुहेरी शिवण बोटाने चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हात तसाच आत, उबेत राहू दिला. समोर पाणी चढत होतं. पक्षी एकेक करून उठत होते.