गावठी मांगूर

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे परदेशातून इंग्रजीत मेल आला की आधी वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. या वेळी खरंच चुकलं होतं.

परळच्या आमच्या कॉलेजात एक प्रकल्प चालू आहे. बाहेरून येऊन माजलेल्या माशांची, झाडाझुडपांची, गोगलगायींची माहिती अनेक देश आपापल्या डेटाबेसमध्ये भरतात, आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. माझ्याकडे मराठी नावं भरायचं काम होतं. आफ्रिकेतून आलेल्या एका खादाड माशासमोर मी 'मांगूर' लिहिलं. बाजारात सगळे तेच म्हणतात.

मेल माझ्या नोंदी तपासणाऱ्या बांगलादेशातल्या बाईंचा होता. "आमच्याकडे मागूर म्हणजे आमचाच मासा. आजाऱ्याला त्याचं कालवण देतात. तुमच्याकडे तो परका आहे का?"

मी माझी नोंद पुन्हा वाचली. मांगूर इथेही आपलाच. आफ्रिकेचा नंतर आला आणि त्याचंच नाव बळकावून बसला. माझी नोंद तशीच पुढे गेली असती, तर कुणीतरी कुठल्यातरी तळ्यातून आपलाच मासा परका म्हणून काढून टाकला असता.

मी धावत प्रकल्पाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी नोंद उघडून दाखवली. "अजून तपासणीतच आहे गं. बाईंनी हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठीच तर दुसऱ्या देशातलं कुणी बघतं." मी खुर्ची ओढून तिथेच नवं नाव शोधायला बसले.

परक्याला 'आफ्रिकन मांगूर' म्हणायचं ठरलं. मग आपल्या माशाला काय म्हणायचं? मी 'देशी' म्हटल्यावर वर्गातला मित्र हसला, "लोक बाटली शोधत येतील."

'गावठी' लिहायला माझा हात धजेना. पहिल्या वर्षाला तो शब्द मलाच चिकटवला होता. संध्याकाळी करी रोडला घरी आईला विचारलं. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "गावठीच लिव गो. कोंबडी गावठी म्हटला की गिऱ्हाईक आधी थांबता. माशाक कसली लाज?"

मी लिहिलं. त्याच आठवड्यात बाईंनी दोन्ही नावं मंजूर केली. मी लगेच शोधून पाहिलं. परक्यांच्या यादीत आफ्रिकन मांगूर होता, आणि त्याच्याखाली टीप होती: गावठी मांगूर हा स्थानिक मासा, गल्लत करू नये.