घाईचा गुलाल

मावळात बर्फ म्हणजे रसवंतीतला. पण उर्से गावच्या कोंडाजीआबांची नात सृष्टी हिनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचंही चालत नाही, तिथं लोणावळ्याचा उन्हाळा काय करणार?

तुंगार्लीजवळच्या एका बर्फाच्या पार्कात ती पर्यटकांना जाड बूट वाटायची. सुट्टी झाली की पायांना स्की बांधून वीस पावलांच्या उतारावरून सुसाट खाली. हे पाहिलं तळेगावच्या माधवी मॅडमनी. गिर्यारोहण शिकवणाऱ्या ह्या बाईंनी तिला थेट गुलमर्गला नेलं. तिथला उतार बघून पोरीला जे हसू फुटलं, ते तळाला पोचेपर्यंत थांबलं नाही.

वेग रक्तातच होता, गोची वेगळीच होती. स्कीच्या शर्यतीत उतारभर रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत यावं लागतं; एक चुकली की बाद. आणि सृष्टी पडली बैलगाडेवाल्याची नात. घाटात, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल सरळ पळतात. तीही खालची रेषा दिसली की नाकासमोर सुटायची. तीन हिवाळ्यांत पाच वेळा बाद झाल्यावर तिनं रडतच फोन लावला. "आबा, मी सोडते हे."

आबांनी विचारलं, "आपला बैल कुणाकडं बघून पळतो गं?"

"गाड्याच्या म्होरं पळणाऱ्या घोडीकडं."

"मंग? निशाणाकडं त्यो ढुंकून बी बघत न्हाई. तू बी म्होरली काठी बघ. तीच तुजी घोडी."

तेव्हापासून उतारावर तिच्या ओठांत एकच जप, घोडी, घोडी. पुढच्या वर्षी ती देशात तिसरी आली, त्यानंतर दुसरी. यंदा मात्र पहिलाच नंबर हवा होता. आबा स्वतः गुलमर्गला निघाले. अंगात तीन स्वेटर, बरोबर घाटात पुकारा करणारे भिमाजीभाऊ आणि पिशवीत दोन किलो गुलाल.

सृष्टी खाली आली, वेळेच्या फलकावर सगळ्यांच्या वर नाव लागलं. भिमाजीभाऊंनी "भिर्रर्र" करून डोंगर हलवला आणि आबांनी अख्खी पिशवी नातीवर उपडी केली. पांढऱ्या बर्फाची पार जत्रा झाली.

"आबा," माधवी मॅडम हळूच म्हणाल्या, "अजून एक फेरी आहे. दोन्हींची वेळ मिळून निकाल लागतो."

आबांचा चेहरा उतरला. त्यांच्या घाटात एका गाड्याची एकच बारी, एकदाच पळायचं आणि निकाल. जिंकण्याआधी गुलाल घेतला तर गाव वर्षभर हसतं. "पोरी, लय घाई झाली माजी."

पापण्यांपर्यंत लाल झालेल्या सृष्टीला हसू आवरेना. पण आबांचं हसं झालेलं तिला चाललं नसतं. "पडल्याला गुलाल मागं घेता येतो व्हय? आता जिंकूनच येते."

दुसऱ्या फेरीत मध्यावर तिचा पाय घसरला, हात बर्फाला टेकला. खालची रेषा दिसत होती आणि अंगातला बैल सरळ ओढत होता. घोडी, ती पुटपुटली आणि पुढच्या काठीला वळली. मग तिच्या पुढच्या.

घड्याळ थांबलं. नऊ शतांश सेकंदांनी सृष्टी पहिली.

आबांनी सवयीनं पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. ते तसेच रिकाम्या मुठीनं उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळत.

सृष्टीनं हेल्मेट काढलं, आत साठलेला सगळा गुलाल आबांच्या पटक्यावर झटकला आणि म्हणाली, "घ्या आबा, आता खरा."