अण्णांची आरास

खंडेनवमीला आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या खात्यात, कुणी ‘डेकोरेशन’ म्हटलं की अण्णा खवळायचे. “डेकोरेशन मंगल कार्यालयात. हितं आरास!” अण्णा मूळचे महाळुंग्याचे, आमच्या खात्यातले सगळ्यात जुने फिटर. यंत्रपूजेला कुठल्या मशीनला झेंडूचं तोरण, कुठे केळीचे खांब, सगळं त्यांच्या हुकमानं चालायचं.

पण फुलांना आधी हात लावू देतील तर शपथ! पहिल्यांदा हातात फडकी. ऑइल पुसा, पाने-पकडी जागच्या जागी ठेवा, मशीनखाली झाडा. आम्ही जाम वैतागायचो. एकदा मी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि मुद्दाम चिडवलं, “अण्णा, तुमची आरास फारसी निघाली की! मूळ शब्द ‘आरास्तन’. सजवणं, आणि नीट लावणंसुद्धा.” वाटलं, खट्टू होतील. कसलं काय! “मंग मी काय येगळं सांगतोय? आधी नीट लावा, मंग सजवा.” पुढे फारसीचा हवाला देऊन त्यांनी आम्हाला दुप्पट झाडायला लावलं.

एका वर्षी मी मोठ्या प्रेसवर होतो. दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण ऑर्डरची घाई, म्हणून आमच्या सुपरवायझरनं एका बटणाला वायर जोडून ते कायमचं चालू ठेवलं होतं. पुसता पुसता अण्णांना ती वायर दिसली आणि त्यांनी हार परत टोपलीत टाकला.

“अण्णा, मोठे साहेब येतायत पूजेला. वायर उद्या काढू,” सुपरवायझर गयावया करू लागला.

“न्हाई. हिच्याखाली ह्या पोराचा हात असतो. वायर निघंस्तोवर हिला आरास न्हाई.”

मोठ्या साहेबांनी बिनहाराची प्रेस पाहून विचारलं, तेव्हा अण्णांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. वायर तिथल्या तिथे निघाली. आणि पुढच्याच आठवड्यात अण्णांची स्टोअरला बदली झाली. माझं डोकंच फिरलं. भांडायला निघालो, तर त्यांनीच दटावलं, “गप रं. हात हाईत ना जाग्यावर? लाग कामाला.”

पुढच्या खंडेनवमीला आम्ही ती प्रेस फुलांनी मढवली आणि अण्णांना स्टोअरमधून ओढून आणलं. त्यांची कंपनीतली ती शेवटची पूजा. फुलांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांना मागे सारून मेन स्विच चालू करायला लावला आणि एकच बटण दाबलं. प्रेस हलली नाही. मग दुसरं एकटं दाबलं. तरी हलली नाही.

“झाक झालीय रं आरास,” म्हणाले.