गुहेतलं मागचं वाचन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या मोजणीच्या सरांचे. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त होऊन ते रोह्याजवळ वरशाला राहतात. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. वडील पेणच्या खाडीकडे मिठागरात कामाला. मी आमच्या गावाहून, जित्याहून, गाडीने रोह्याला कॉलेजला जायचो आणि परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ सरांच्या ओटीवर काढायचो. अंश, कोन, उतार मी तिथे शिकलो. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी स्वतःचं जुनं पितळी होकायंत्र माझ्या हातात ठेवलं.

"पुढचं वाचन घेतलंस की मागचं घ्यायचं. आळस करायचा नाही," एवढंच म्हणाले.

एका खुणेवरून दुसरीकडे बघून अंश वाचायचे, मग दुसरीवर जाऊन उलट पहिलीकडे बघायचं. दोन्हींत एकशे ऐंशीचा फरक यायला हवा. नाही आला तर कुठेतरी चुकलं.

गेल्या हिवाळ्यात गुहा हिंडणाऱ्या एका हौशी गटासाठी रोह्याजवळच्या डोंगरातल्या गुहेचा नकाशा करायचं मी कबूल केलं. बॅटरी लागत नाही म्हणून त्यांना जुनी उपकरणंच आवडतात. आई मात्र दोन दिवस जेवली नाही धड. "त्या बिळात कशाला जातस? काय ठेवलंय तिथं?" म्हणाली आणि निघताना काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी माझ्या उजव्या हातात घातली.

बरोबर मामेभाऊ होता. तो रोह्याच्या एका कंपनीत कामाला. सकाळीच आत शिरलो. तो टॉर्च घेऊन पुढच्या खुणेवर उभा राहायचा, मी होकायंत्र उजव्या तळहातावर धरून वाचायचो.

"लवकर कर रे. तीनला शिफ्ट हाय माझी."

"घाबरलास व्हय?"

"मी नाय. तूच सारखा मागं बघतोयस."

खरं होतं ते. पहिल्या खुणांना मागच्या वाचनात एखाद-दोन अंशांचाच फरक आला होता; तेवढा चालतो. चौथ्या खुणेपासून पाचवीचं वाचन सत्तर आलं. पाचवी खूण एका मोठ्या पोकळीत होती. मागचं वाचन घ्यायचं तर भावाला टॉर्च घेऊन चौथीवर परत पाठवायला हवं होतं आणि मला तिथे एकट्याने थांबायला. वर वटवाघळं सरकत होती. मी सत्तरमध्ये एकशे ऐंशी मिळवले आणि वहीत दोनशे पन्नास लिहून टाकलं. वाचलं नाही.

पुढच्या एक-दोन खुणा करून परत फिरलो तेव्हा त्याच पोकळीत समोर दोन तोंडं दिसली. जाताना एकच आहे असं वाटलं होतं. ओल्या दगडावर केलेली खडूची खूण पुसली गेली होती. भावाचा टॉर्च मंदावला होता, म्हणून मी माझा उजव्या हातात उंच धरला आणि होकायंत्र डाव्या हातात घेतलं. दोनशे पन्नास उजव्या तोंडाकडे येत होतं. आम्ही त्यात शिरलो.

थोड्या वेळाने छत डोक्याला लागलं. मग गुडघ्यांवर आलो. येताना कुठेही रांगलो नव्हतो.

"ही वाट नाय," भाऊ म्हणाला. त्याला दोन लहान मुलं आहेत आणि त्याला मीच आणलं होतं.

मी बसलो. आधी वाटलं, दगडातल्या लोखंडाने होकायंत्र भरकटलं असेल. खात्री करायला टॉर्च त्याच्याकडे दिला, होकायंत्र जमिनीवर ठेवलं आणि उजव्या हाताने झाकण सारायला गेलो. तबकडी फिरली. हात मागे घेतला, ती परत जागेवर आली. आईची लोखंडी अंगठी. जाताना सगळी वाचनं त्याच हातावर घेतली होती.

मागे सरकत पोकळीत आलो, दुसऱ्या तोंडाने निघालो. वीसेक पावलांवर एका कोरड्या दगडावर खडूने लिहिलेला चार दिसला. भावाने त्यावरून हात फिरवला. बाहेर ऊन होतं.

"शिफ्ट गेली माझी," तो म्हणाला आणि खाली बसला.

सरांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही. त्याच आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं.

"आदरणीय सर, सा. न.

गुहेतलं पाचव्या खुणेचं मागचं वाचन मी घेतलं नाही, घेतल्यासारखं लिहिलं. पहिल्यापासूनची सगळी वाचनं हातात लोखंडी अंगठी असताना घेतली आहेत. अंगठी आईने घातली होती, पण खोटा आकडा मी लिहिला. मागचं खरंच वाचलं असतं तर निदान चूक आहे एवढं तिथेच कळलं असतं. भाऊ माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून माझ्यामागे आला होता.

नकाशा कोणाला दिलेला नाही. वहीतली पानं फाडलेली नाहीत. होकायंत्र पोस्टाने पाठवत नाही, रविवारी स्वतः घेऊन येतो. वही बघून तुम्ही ते परत हातात दिलंत, तरच त्या गुहेत पुन्हा जाईन. भीती अजून आहे.

आपला विद्यार्थी"