गुरुजींची तारीख

उत्तरेकडच्या पक्षीसहलींवर लिहिणारे लोक निदान तिथे जाऊन आलेले असतात. मी गेलो नाही. आमच्या घरात पुस्तकं विकत घेणारा पहिला माणूस मीच, त्यामुळे लिहिण्याचा अधिकार मला कुठून आला हेही नीट सांगता येणार नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं. २०१४ साली मी ऑकलंडमध्ये अडकून पडलो होतो. तेवढंच मला खात्रीने माहीत आहे.

कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. शहराबाहेरच्या पापाटोएटो या उपनगरात दोघा पुणेकरांबरोबर राहायचो. शनिवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची दुर्बीण आणि तिचं तिकाटणं वाहून न्यायचं काम होतं. ते दर वर्षी मेअखेर इथल्या दहा-बारा हौशी लोकांना अलास्काला नेत. आमच्या खाडीच्या चिखलात चोच खुपसून उन्हाळाभर खाणारे गॉडविट, इथल्या भाषेत कुआका, मार्चमध्ये उडतात आणि तिकडच्या ओसाड गवताळ टुंड्रात अंडी घालतात. पक्षी आपले, पण घर तिकडे, ते एकदा बघून यायचं, अशी ती सहल.

मी त्यांना सर म्हणायचो. "सर नको रे, शाळा सुटून मला साठ वर्षं झाली," ते म्हणायचे. जानेवारीत एकदा दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "या वर्षी तूही चल. नोंदी ठेवायला मला माणूस हवाच आहे. तुझं तिकीट माझ्याकडे."

त्याच रात्री मी अलास्काचा नकाशा काढून बसलो.

अमेरिकेच्या व्हिसाला पासपोर्ट लागतो. माझा पासपोर्ट इथल्या व्हिसाची मुदत वाढवायला इमिग्रेशनकडे दिलेला होता. महिन्याभरात येईल, असं सगळे म्हणत होते. आलाही असता. पण अर्ज भरताना मी गावी वडिलांना, आबांना, फोन केला होता. आबांनी आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेले.

"समदे कागद लाव," ते म्हणाले. "त्यांनी मागू दे नाहीतर न मागू दे. एक कमी पडला की परत ये म्हणतात."

मी सगळे लावले. बारावीचं मार्कलिस्ट, सातबारा, सरपंचाचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा, भाषांतरासकट. कुणीही मागितलेला नव्हता. उताऱ्यावर तारीख होती नोव्हेंबरातली. पासपोर्टवर एक जून.

फेब्रुवारीत पत्र आलं. अगदी सभ्य भाषेत. दोन जन्मतारखा कशा, याचा खुलासा करावा.

"तुमच्या गावात सगळे एक जूनलाच जन्मतात काय रे?" एक पुणेकर हसत म्हणाला. "केक एकदाच कापायचा, सगळ्यांना पुरतो!"

"माझ्या वर्गात एकोणीस जण होते," मी म्हणालो. ते खरं होतं. पोरांना शाळेत घालताना गुरुजी वय विचारत, आईबाप अंदाजाने सांगत, आणि गुरुजी हिशोब जुळेल अशी जूनची पहिली टाकत.

"पण तो उतारा लावायला सांगितलं कुणी? हीप्स ऑफ पेपर्स देऊन आलास तू!"

आबांचं नाव मी घेतलं नाही.

तारीख अंदाजाने टाकली होती, अशा दाखल्यासाठी आबा शाळेत गेले. गुरुजी वारले होते. मग प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याला गेले, तर साहेब रजेवर. दर फोनला ते विचारत, "पाखरं गेली का रं?" आणि मी म्हणे, "अजून आहेत, आबा." मार्चच्या एका संध्याकाळी भरतीच्या वेळी तीसेक पक्षी वर उठले, ओरडत दोन फेऱ्या मारल्या आणि उत्तरेला गेले. त्यानंतर आबांनी विचारलं तेव्हाही मी म्हणालो, "अजून आहेत."

अर्जाचा निकाल लागेपर्यंत इथे राहायला, शिकायला मला मुभा होती. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर ती मुभा तिथेच संपली असती. मनुरेवापासून शहरापर्यंतच्या रेल्वेलाईनवर मी कितीही फिरू शकत होतो.

एप्रिलअखेर प्रतिज्ञापत्र पोचलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सरांची मंडळी गेली. निघताना त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "इथलेही कुणीतरी मोजायला हवेत," ते म्हणाले. तिकडून आलेली गॉडविटची पिल्लं पहिली दोन-तीन वर्षं परत जात नाहीत, इथल्या जून-जुलैच्या थंडीतही याच चिखलात राहतात. हे मला तोवर माहीत नव्हतं.

जूनमध्ये मी त्यांना मोजत होतो. करडे, साधे पक्षी, एकशे चौदा. वाऱ्याने तिकाटणं हलत होतं, आकडा दोनदा चुकला. सरांचा एक फोटो आला होता, गवतात अंड्यांवर बसलेल्या तांबूस नराचा. तो मी आबांना पाठवला नव्हता, कारण मग खरं सांगावं लागलं असतं.

तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा खिशातला फोन थरथरला. इमिग्रेशनचं ईमेल चार ओळींचं होतं. खुलासा स्वीकारला आहे. जन्मतारीख एक जून अशीच ग्राह्य धरली आहे. व्हिसा मंजूर. पासपोर्ट आज कुरिअरने पाठवला आहे.