लोणारच्या पाण्यावरचे दोघे

मेहकरच्या नव्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि जानेफळचे एक सर वनस्पतिशास्त्र. विज्ञान विभागाचं प्रमुखपद एकच होतं. आधी ज्याची पीएच.डी. होईल त्याला ते मिळणार, असं सगळे धरून चालले होते. त्यात दोघांनीही विषय घेतला होता लोणारच्या सरोवराचा. मी पाण्यातले क्षार तपासत होते, सर तिथलं शेवाळ.

रविवारी एकाच एस.टी.नं जायचो. ते पुढं बसत, मी मागं. काठावर उतरायच्या वाटाही वेगळ्या.

त्या उन्हाळ्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकाच बाटलीतल्या पाण्याचे सोमवारी एक आकडे यायचे, गुरुवारी दुसरे. ॲसिड बदललं, ब्युरेट बदलली, तरी तेच. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची.

एकदा परतीची गाडी आलीच नाही. स्टँडवर दोघंच उरलो. बराच वेळ त्यांची नजर माझ्या पाण्याच्या बाटल्यांच्या पिशवीवर होती.

"बाई, ह्या बाटल्या खिडकीत ठेवता काय?"

"हो. का?"

"त्यात शेवाळ जगून राह्यलं. उजेड भेटला की ते पाणी बदलवते. गाळून अंधारात ठेवा."

मी चकित झाले. "मला काऊन सांगता?" पुण्याकडची मी, पण 'का'च्या जागी त्यांचाच शब्द तोंडून निघाला.

ते हसले नाहीत. "माहं शेवाळ कॉलेजात आनलं की मरते. विहिरीच्या पान्यात ठेवतो. तुमाले लोणारच्या पान्यातला मसाला माहीत आहे."

सांगावं की नाही, यात माझा आठवडा गेला. सांगितलं तर ते पुढं जाणार. शनिवारी मीच क्षार मोजून पाणी तयार केलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. शेवाळ तगलं. माझे आकडेही जुळले. मग एक शोधनिबंध दोघांनी मिळून लिहायला घेतला.

तो अर्धा झाला असतानाच प्रमुखपद त्यांना मिळालं. पीएच.डी.ची वाटही कुणी पाहिली नाही. मी लोणारला जाणं बंद केलं. स्टाफरूममध्ये ते आले की उठायची. एका सोमवारी सर सरोवराच्या गाळलेल्या पाण्याची बाटली काळ्या कागदात गुंडाळून घेऊन आले.

"खुर्ची मी नाही मांगली, बाई. पन पेपर सोडनार नाही. तुमी सोडान?"

"नाव कुणाचं आधी?" मी विचारलं.

"माहं. काम माहं जास्त हाय."

"मुळीच नाही!"

शिपाई दारात येऊन थबकला इतके आमचे आवाज चढले. शेवटी विद्यापीठातल्या आमच्या मार्गदर्शकांनी आडनावांच्या अक्षरक्रमानं नावं लावली. माझं आधी आलं. पेपर छापून आला तेव्हा सरांनी अंक उलटून पाहिला, "बरं" म्हणाले आणि तासाला निघून गेले.

मला आनंद झाला, पण तो जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही. सर आता सरोवरातला गाळ तपासणार म्हणे, असं कुणीतरी बोललं. गाळाचा विचार मीही करत होते. दुपारचा तास कसाबसा संपवून मी तडक प्रयोगशाळेत गेले आणि रविवारच्या गाळासाठी बाटल्या धुवायला घेतल्या.