तिसऱ्या कागदाचा रंग

शांताराम भाऊजी भरदुपारी दार लावून बसत. बसत कसले, सारखे उठत. पेटी उघडायची, बंद करायची, हात पुसायचे, परत उघडायची. "वहिनी, दार ओढा, उजेड येतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

साठ-सत्तर सालातली गोष्ट. माझे हे धाकटे दीर बोटीवर खलाशी होते. सुट्टीत गोडदेवला आमच्याकडे उतरत. जपानच्या बंदरांतून जुनी चित्रं आणत, लाकडी ठशांनी कागदावर छापलेली. काबुकी म्हणजे तिकडची नाटकं, त्यांतल्या नटांची. त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात. मी म्हणायची, "पगार घालवून रंगवलेले बाप्ये आणताय. बायको कधी आणणार?"

"आधी हिचा माणूस सापडू दे."

ही म्हणजे चित्रातली एक बाई. शेजारच्या कागदावर तलवारवाला, पण ती बघते दुसरीकडे, कागदाच्या बाहेर. कोबे बंदरातल्या दुकानदाराने सांगितलं होतं, हा प्रसंग तीन कागदांचा. तिसरा मिळत नव्हता. त्यापायी भाऊजी आठ दिवसांत कासावीस व्हायचे आणि पुढची बोट धरायचे.

एकदा ते बोटीवर असताना पावसाळा सरला. आमची हवा मिठागरांची, दमट. पेटीतून बुरशीचा वास यायला लागला. गोधड्यांना दाखवतो तसं मी चित्रांना ऊन दाखवलं. चार दिवस, कावळे हाकत. बाईचं निळं वस्त्र मातकट झालं.

भाऊजी आले ते हसतच. तिसरा कागद मिळाला होता. तिन्ही शेजारी मांडले. नव्यावर कंदील धरलेला एक जाडा माणूस, निळाशार. बाकीचे दोन विटलेले.

"मीच उन्हात घातले," मी सांगून टाकलं.

ते दिवसभर पेटीभोवती फेऱ्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी तिसरा कागद त्यांनी स्वतःच अंगणात उन्हात ठेवला.

"खुळे झालात का?"

"हा एकटाच तरणा राहून काय करील, वहिनी? जुळू दे."

बोट गेली, भाऊजी गेले नाहीत. कागदाजवळ रोज बसून राहत. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिन्ही भिंतीवर लागले.

शेवटच्या आजारातही विचारायचे, "वहिनी, जुळला ना रंग?" मला तो कधीच जुळलेला दिसला नाही. माझ्या तोंडाचा सगळ्या गोडदेवला धसका. पण मी दरवेळी म्हटलं, जुळला.